शब्दशंका : बोटीतला गव्हर्नर आणि राज्याचा

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं : बंदरावर, बागेत, बोटीत रोज कानावर पडणारा, पण मूळ कुठलं ते उमगत नाही असा एखादा इंग्रजी शब्द कळवा. पत्रं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडून आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

मी मच्छीमार बोटींच्या डिझेल इंजिनांचं काम करतो. डिझेल पंपाच्या मागे गव्हर्नर असतो. राज्यपालांनाही गव्हर्नरच म्हणतात. हे नाव एकाचं दुसऱ्याला कसं पडलं?
*वाचक, मिरकरवाडा, रत्नागिरी*

दोघांनाही ते तिसऱ्याकडून मिळालं, आणि तो तिसरा तुमच्याच बंदरातला आहे : सुकाणूवर बसलेला माणूस.

जुन्या ग्रीकमध्ये ‘कुबेर्नान’ म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणं आणि ‘कुबेर्नेतेस’ म्हणजे ते धरणारा. त्या काळच्या जहाजांना आपल्या बोटीसारखं मधोमध बसवलेलं सुकाणू नसे. मागच्या अंगाला डावी-उजवीकडे दोन रुंद वल्ही बांधलेली असत आणि ती फिरवून जहाज वळवत. दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर ग्रीकांच्या वसाहती होत्या. रोमन लोकांनी जहाजाचे बरेच शब्द ग्रीकांकडून उचलले, त्यात हाही गेला. लॅटिनमध्ये ‘कुबेर्नान’चं ‘गुबेर्नारे’ झालं, ‘कुबेर्नेतेस’चा ‘गुबेर्नातोर’ झाला आणि सुकाणूला ‘गुबेर्नाकुलुम’ म्हणू लागले.

‘क’चा ‘ग’ झाला, कारण शब्द पुस्तकातून नाही, कानावरून आला. ग्रीक ‘कोम्मी’, म्हणजे डिंक, लॅटिनमध्ये ‘गुम्मी’ झाला. इंग्रजी ‘गम’ तो हाच. ‘कोबिओस’ नावाचा मासा ‘गोबिउस’ झाला आणि इंग्रजीत ‘गोबी’. खाडीच्या चिखलात उड्या मारणारे आपले निवटे ह्याच गोबींच्या मोठ्या गोतावळ्यातले. हा बदल एकाच शब्दात दिसला असता तर योगायोग म्हणता आलं असतं. तीन शब्दांत दिसला म्हणजे ती उच्चाराची सवय मानायची.

लॅटिनचं फ्रेंच होताना मधल्या ‘ब’चा ‘व’ झाला. इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचं राज्य आल्यानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा ओघ लागला, त्यात ‘गव्हर्न’ आणि ‘गव्हर्नर’ आले. जुना ‘ब’ मात्र एका कोपऱ्यात टिकून आहे. अमेरिकेत गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला ‘ग्युबरनेटोरियल’ निवडणूक म्हणतात. ते विशेषण नंतरच्या काळात विद्वानांनी थेट लॅटिनमधून घेतलं.

राज्य म्हणजे जहाज ही कल्पना ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनं मांडली आहे आणि रोमन वक्ता सिसेरोनं ‘गुबेर्नातोर’ हा शब्द राज्यकर्त्यासाठी वापरला आहे. मराठीलाही ती परकी नाही. आपण पक्षाचं सुकाणू कोणाच्या हाती म्हणतो, सुकाणू समिती नेमतो. ‘सुकाणू’ हा शब्दही दर्यावरूनच आला, पण अरबांकडून, अरबीत ‘सुक्कान’.

आता इंजिनातला. जेम्स वॅटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचं वेगनियंत्रक बसवलं. तशी युक्ती पवनचक्क्यांत आधीपासून होती. इंजिनाला ताब्यात ठेवणारा म्हणून त्या यंत्राला गव्हर्नर हे नाव मिळालं. तुमच्या पंपातला यांत्रिक गव्हर्नर त्याचाच वंशज आहे. पंपाच्या कॅमशाफ्टच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, टोकाला वजनं असतात. फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात, सरकती स्लीव्ह (नळी) ढकलतात, स्लीव्हला जोडलेली तरफ कंट्रोल रॅक, म्हणजे किती डिझेल जायचं ते ठरवणारी दांडी, मागे घेते आणि डिझेल कमी होतं. फेरे उतरले की स्प्रिंग वजनांना आत दाबते, रॅक पुढे येतो, डिझेल वाढतं. सर्व वेगांवर चालणाऱ्या गव्हर्नरमध्ये रेसची दांडी रॅकला थेट हलवत नाही, ती फक्त ह्या स्प्रिंगचा ताण बदलते. म्हणजे तांडेल (बोटीचा प्रमुख) हुकूम देतो तो वेगाचा. त्यासाठी डिझेल किती लागेल ते गव्हर्नर ठरवतो. मोठ्या लाटेवर बोटीचा मागचा भाग उचलला जाऊन पंखा पाण्याबाहेर आला की इंजिनावरचा भार एकदम जातो. त्या क्षणी रॅक मागे आला नाही तर इंजिन सुसाट सुटेल.

तुम्हाला माहीत असलेले बिघाडही ह्या शब्दाच्या अर्थाशी जुळतात. खारं पाणी शिरून किंवा डिझेलचा चिकटा धरून रॅक अडकला, तर ते सुकाणू जाम झाल्यासारखंच. इंजिन हुकूम ऐकत नाही. डिझेल तोडावं लागतं किंवा हवेची वाट बंद करावी लागते. स्प्रिंग थकली तर पूर्ण रेस देऊनही फेरे चढत नाहीत. आणि जोडांच्या पिना झिजल्या की इंजिन स्थिर राहत नाही, वर-खाली करत राहतं. ह्याला इंग्रजीत ‘हंटिंग’ म्हणतात. डिझेलमध्ये हवा शिरली तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून आधी फिल्टरपासून एअर काढावी आणि मगच पंपाला हात लावावा.

हंटिंगचं कारण नवख्या सुकाणूवाल्याकडे बघितलं की कळतं. बोट डावीकडे गेलेली त्याला उशिरा उमगते, मग तो उजवीकडे जास्त वळवतो, पुन्हा उशिरा उमगते, पुन्हा उलटं. वेळेवर दिलेली थोडी दुरुस्ती बोट सरळ ठेवते आणि उशिरा दिलेली मोठी दुरुस्ती नागमोडी नेते. झिजलेल्या पिनांमुळे गव्हर्नरची दुरुस्ती अशीच उशिरा पोचते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञानं १८६८ मध्ये गव्हर्नर कधी स्थिर राहतो आणि कधी डोलत सुटतो ह्याचं गणित मांडलं. त्या निबंधामुळे ह्या शब्दाला पुढे एक जुळं भावंड मिळालं. ते पुढच्या उत्तरात.

‘सायबर’ म्हणजे नेमकं काय? सायबर कॅफे, सायबर गुन्हा, सायबर पोलीस असं सगळीकडे दिसतं. इंटरनेट असाच अर्थ आहे का?
*महाविद्यालयीन विद्यार्थिनी, देवरुख*

आज अर्थ तोच झाला आहे, मुळात नव्हता. वरच्या उत्तरातला ‘कुबेर्नेतेस’ इथे पुन्हा भेटतो.

नॉर्बर्ट वीनर ह्या अमेरिकन गणितज्ञानं १९४८ मध्ये एका नव्या विद्याशाखेला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिलं. यंत्रं आणि सजीव स्वतःवर ताबा कसा ठेवतात, झालेली चूक मोजून पुढची हालचाल कशी सुधारतात, ह्याचा तो अभ्यास. नाव निवडताना त्यानं मॅक्सवेलच्या गव्हर्नरवरच्या निबंधाची आठवण ठेवली आणि ‘गव्हर्नर’च्या मागे जाऊन मूळ ग्रीक शब्दच उचलला. त्याआधी एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअरनं राज्यकारभाराच्या शास्त्रासाठी ह्याच धातूवरून नाव घडवलं होतं, पण ते रुळलं नाही.

एकच ग्रीक शब्द इंग्रजीत दोनदा आला. पहिल्यांदा खलाशांच्या तोंडून, दोन भाषांतून झिजत : गव्हर्नर. दुसऱ्यांदा पुस्तकातून, अक्षर न अक्षर जपून : सायबरनेटिक्स. दोन्ही आवाजात इतके वेगळे का, ते स्पेलिंगवरून कळतं. ग्रीकमध्ये ‘उप्सिलोन’ नावाचं अक्षर आहे. जुन्या काळी रोमन लोकांनी ते ‘यू’नं लिहिलं, म्हणून ‘गुबेर्नारे’. नंतरच्या सुशिक्षित रोमनांनी त्यासाठी ‘वाय’ हे अक्षर खास आणलं आणि ग्रीक ‘क’साठी ‘सी’ लिहिला. इंग्रजीत ‘वाय’च्या आधीचा ‘सी’ हा ‘स’सारखा उच्चारतात. म्हणून ‘कु’चा ‘साय’.

मग लोकांनी शब्द तोडला, पण चुकीच्या जागी. धातू ‘कुबेर्न’ असा आहे. ‘सायबर’ हा त्याचा अर्धवट तुकडा. विल्यम गिब्सन ह्या लेखकानं १९८२ मध्ये ‘सायबरस्पेस’ हा शब्द वापरला आणि तिथून ह्या तुकड्याला संगणकाच्या जगाचा अर्थ चिकटला. अशी तोडफोड नवी नाही. ‘हेलिकॉप्टर’ खरं तर ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्र आणि ‘प्तेरॉन’ म्हणजे पंख असा आहे. लोकांनी तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा मोडला आणि हेलिपॅड तयार झालं. सगळ्यांत पुढे गेलेलं उदाहरण एसटी स्टँडवर उभं असतं. ‘बस’ हा ‘ओम्निबुस’चा शेवटचा तुकडा. ‘ओम्निस’ म्हणजे सर्व, आणि ‘ओम्निबुस’ म्हणजे सर्वांसाठी. ‘बुस’ हा नुसता चतुर्थी बहुवचनाचा प्रत्यय आहे. शाळेत आपण ‘स, ला, ना, ते’ पाठ करतो, तसाच.

संगणक शिकत असाल तर ‘कुबरनेटिस’ नावाची प्रणाली पुढे भेटेल. तिच्या चिन्हात जहाजाचं सुकाणूचाक आहे. तिथे मूळ अर्थ शाबूत आहे.

डॉक्टर मळमळण्याला ‘नॉशिया’ म्हणतात. आमच्या आजीचं म्हणणं, हा शब्द ‘नाव’ म्हणजे होडीवरून आला असणार. असं असू शकतं का?
*वाचक, वेंगुर्ले*

आजींचा अंदाज बरोबर आहे. एवढंच की तो शब्द आपल्या ‘नाव’वरून निघालेला नाही, तो तिचा चुलतभाऊ आहे.

ग्रीकमध्ये ‘नाउस’ म्हणजे जहाज. त्यावरून ‘नाउसिया’ म्हणजे जहाजावर होणारी मळमळ. लॅटिननं तो ‘नाउसेआ’ असा घेतला, अर्थ कुठल्याही मळमळीपर्यंत ताणला आणि तिथून इंग्रजीत नॉशिया आला. मराठीत आपण ‘बोट लागली’ म्हणतो ते हेच. पुढे घाटात गाडी लागते, एसटी लागते, तेव्हाही शब्द ‘लागणे’ हाच राहिला. ग्रीकांनी दुखण्याला वाहनाचं नाव दिलं आणि आपणही तेच केलं. एकमेकांकडून न घेता दोन भाषांना एकच गोष्ट तशीच दिसली, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

नात्याचा पुरावा रूपावलीत आहे. संस्कृत ‘नौः’, द्वितीया ‘नावम्’, ग्रीक ‘नाउस’, लॅटिन ‘नाविस’. तिन्ही एका जुन्या मूळ भाषेतून आलेली सख्खी रूपं. लॅटिन ‘नाविस’मधून इंग्रजी नेव्ही आणि नेव्हल. त्यालाच ‘आगेरे’ म्हणजे हाकणे जोडून नेव्हिगेट. ग्रीक ‘नाउतेस’ म्हणजे खलाशी, त्यातून नॉटिकल आणि अ‍ॅस्ट्रोनॉट, म्हणजे ताऱ्यांचा खलाशी. कोळीवाड्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा ‘नाखवा’ही ह्याच कुळातला. तो फारसी ‘नाखुदा’, म्हणजे ‘नाव’ अधिक ‘खुदा’ : नावेचा धनी. ह्यातली फारसी ‘नाव’ त्याच भावंडांतली आहे.

इथे एक खड्डा आहे. होडीची ‘नाव’ आणि माणसाचं ‘नाव’ मराठीत एकसारखे लिहितात, पण त्यांचा संबंध नाही. दुसरं संस्कृत ‘नामन्’वरून आलं आणि त्याची भावंडं लॅटिन ‘नोमेन’ व ग्रीक ‘ओनोमा’. जुन्या मराठी लेखनात ते ‘नांव’ असं लिहीत. तो अनुस्वार म्हणजे मूळच्या ‘म’ची खूण होती. दोन शब्द आज सारखे दिसले तर त्यांचं शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं लेखन आधी बघावं.

मग नॉटिकल मैलातला ‘नॉट’ आणि वेग मोजायचा ‘नॉट’ एकच ना? आमच्या जीपीएसवर वेग नॉटमध्ये येतो.
*वाचक, हर्णै बंदर, दापोली*

नाही. देवनागरीत सारखे दिसतात म्हणून फसगत होते. नॉटिकलमधला वर सांगितलेला ग्रीक खलाशी. वेगाचा नॉट म्हणजे साधी गाठ, इंग्रजीचा घरचा शब्द. त्याच्या स्पेलिंगमध्ये पुढे न उच्चारला जाणारा ‘के’ असतो.

गाठ खरोखरची होती. दोरीच्या टोकाला लाकडी फळी बांधून ती जहाजाच्या मागे पाण्यात सोडत. दोरीवर दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ मारलेली असे. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करून, ते रिकामं होईतो हातातून किती गाठी सुटल्या ते मोजत. पाच गाठी म्हणजे पाच नॉट, तासाला पाच नॉटिकल मैल. हिशेब करून बघा : ४७ फूट ३ इंच म्हणजे सुमारे १४.४ मीटर. २८ सेकंदांत तेवढं अंतर म्हणजे तासाला सुमारे १,८५२ मीटर, आणि एक नॉटिकल मैल तेवढाच असतो. दोरी भिजून ताणली की गाठींमधलं अंतर वाढतं आणि वेग कमी भरतो, म्हणून ती अधूनमधून पुन्हा मोजावी लागे.

तुमच्या बंदरावरच्या ‘लिलाव’बद्दलही तुम्ही विचारलं आहे. तो पोर्तुगीज ‘लेलांव’वरून आला. पोर्तुगीज म्हणजे लॅटिनची लेक, म्हणून शब्द लॅटिन असेल असं वाटतं, पण हा पोर्तुगिजांनी अरबीतून घेतलेला. ‘पगार’, ‘चावी’ आणि ‘पाव’ हे मात्र पोर्तुगीजमार्गे आलेले खरे लॅटिन. इंग्रजी ‘ऑक्शन’ही लॅटिनच, ‘आउगेरे’ म्हणजे वाढवणे ह्यावरून. बोली वाढत जाते म्हणून.

कृषी महाविद्यालयात झाडांची शास्त्रीय नावं पाठ करावी लागतात. अर्थ कळला तर लक्षात राहतील. लॅटिन कुठलं, ग्रीक कुठलं हे ओळखायची काही रीत आहे का?
*विद्यार्थी, दापोली*

आहे, आणि कोकणातली झाडं तिच्यासाठी उत्तम आहेत. आंबा ‘मँगिफेरा इंडिका’, नारळ ‘कोकोस न्युसिफेरा’, खाडीतली कांदळ ‘रायझोफोरा म्युक्रोनाटा’. ह्यांतली आंबा आणि नारळाची पूर्ण नावं आणि रायझोफोरा हे प्रजातीनाम स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये छापलं.

आधी सांधा शोधा. शब्दाचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथे लॅटिनमध्ये बहुधा ‘आय’ येतो आणि ग्रीकमध्ये ‘ओ’. मँगि-फेरा, न्युसि-फेरा : लॅटिन. रायझो-फोरा : ग्रीक. मग स्पेलिंग बघा. ‘फ’साठी ‘पी-एच’, ‘क’साठी ‘सी-एच’, सुरुवातीला ‘आर-एच’, न उच्चारला जाणारा ‘पी’, मधे स्वर म्हणून ‘वाय’ : ह्या ग्रीकच्या खुणा. रायझोफोरामध्ये ‘आर-एच’ आणि ‘पी-एच’ दोन्ही आहेत. मँगिफेरामध्ये साधा ‘एफ’ आहे.

आता अर्थ. ‘रिझा’ म्हणजे मूळ, ‘फोरोस’ म्हणजे धारण करणारा. भरतीच्या पाण्यात कमानीसारख्या मुळांवर उभी असलेली कांदळ एकदा बघितली की हे नाव विसरणं शक्य नाही. ‘न्युसि’ म्हणजे कवचाचं फळ. न्युसिफेरा म्हणजे ते धारण करणारा. लॅटिन ‘फेर’, ग्रीक ‘फेर’ किंवा ‘फोर’ आणि संस्कृत ‘भर’ एकच धातू. भरति, भार, भरण ह्यांतला ‘भ’ ग्रीकमध्ये ‘फ’ होतो आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘एफ’. भ्राता, ग्रीक ‘फ्रातेर’, लॅटिन ‘फ्रातेर’ ही त्रयी शेजारी लिहून ठेवा, नियम पक्का बसेल. मँगिफेराचा पुढचा तुकडा मात्र लॅटिनही नाही, ग्रीकही नाही. तो दक्षिण भारतातला ‘मांगा’, पोर्तुगिजांनी युरोपात नेलेला. आणि ‘इंडिका’ आपल्या सिंधूवरून : इराण्यांनी ‘स’चा ‘ह’ केला, ग्रीकांनी तो ‘ह’ गाळला, लॅटिननं प्रत्यय लावला.

काजूचं ‘अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले’ हे मिश्र नाव आहे. ‘कार्दिया’ म्हणजे हृदय, ग्रीक. तेच आपलं ‘हृद्’. ‘ऑक्सिडेंटाले’ लॅटिन, पश्चिमेकडचा, कारण काजू अमेरिकेतून आला. अशा मिश्र शब्दांना कमअस्सल समजू नका. टेलिव्हिजन ग्रीक ‘तेले’ म्हणजे दूर आणि लॅटिन ‘व्हिसिओ’ म्हणजे पाहणे. कॉन्स्टंटिन पर्स्की ह्यांनी १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत तो मांडला. ऑटोमोबाइल तसाच. मराठीत ‘गैर’ अरबी आणि ‘वापर’ मराठी असूनही ‘गैरवापर’ आपल्याला खटकत नाही.

रीत कुठे फसते तेही सांगायला हवं. शिंदीचं नाव ‘फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस’. दुसऱ्या शब्दात ‘वाय’ दिसतो म्हणून ग्रीक म्हणाल तर चुकाल. तो लॅटिन ‘सिल्वा’ म्हणजे रान ह्यावरून आहे; ग्रीक समजून नंतर कोणीतरी ‘आय’च्या जागी ‘वाय’ लिहिला आणि तसाच चालू राहिला. दुसरी चूक कोकमाच्या बाबतीत होते. ‘गार्सिनिया’ फोडत बसू नका, ते लॉरेंट गार्सिन ह्या निसर्गअभ्यासकाचं आडनाव आहे. शेवटी लॅटिन प्रत्यय असला म्हणजे मूळ लॅटिन असतंच असं नाही. तिसरी चूक हापूसची. हापूस ज्यावरून आला ते अफोन्सो हे पोर्तुगीज नाव म्हणून लॅटिन वाटतं, पण ते जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या घराण्यातलं, आहे. म्हणून सांधा, स्पेलिंग, अर्थ ह्या तिन्ही पायऱ्या जुळल्या तरच निकाल द्यावा. नुसत्या स्पेलिंगवर देऊ नये.

सायक्लोन आणि सर्कल एकाच मुळाचे का? चक्रीवादळ गोल फिरतं म्हणून विचारतो.
*वाचक, श्रीवर्धन*

दोन्ही गोल, पण मुळं वेगळी. सायक्लोन हा शब्द हेन्री पिडिंग्टन ह्यांनी कलकत्त्यात घडवला आणि १८४८ मध्ये खलाशांसाठीच्या पुस्तकातून पुढे आणला. सापाच्या वेटोळ्यासारखा फिरणारा वारा दाखवायला त्यांनी ग्रीक ‘कुक्लोस’ घराण्यातला शब्द घेतला. हा ‘कुक्लोस’ आणि संस्कृत ‘चक्र’ सख्खे आहेत, इंग्रजी ‘व्हील’सुद्धा. म्हणजे ‘चक्रीवादळ’ हे नुसतं भाषांतर नाही, त्यात मूळ धातूच परत आलेला आहे. सर्कल मात्र लॅटिन ‘किर्कुस’मधून आलेलं, त्याचं चक्राशी नातं नाही.

३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला आलेलं ‘निसर्ग’ नावाचं वादळ ‘तीव्र चक्रीवादळ’ ह्या वर्गातलं होतं. हवामान खात्याच्या बातमीत त्याआधी ‘डिप्रेशन’ आणि ‘डीप डिप्रेशन’ येतात. ‘डेप्रिमेरे’ म्हणजे खाली दाबणे, हे लॅटिन. इथे हवेचा दाब उतरलेला. वारा ३४ नॉटवर गेला की मगच त्याला चक्रीवादळ म्हणतात. बातमीतला शब्द बदलला तर वाऱ्याचा वर्ग बदलला, हे बंदरावर सगळ्यांना माहीत असायला हवं.

स्कूबा ग्रीक आहे का? आणि ऑक्टोपसचं अनेकवचन ‘ऑक्टोपाय’ का?
*वाचक, मालवण*

स्कूबा ग्रीक नाही. पाण्याखाली श्वास घेण्याच्या स्वयंपूर्ण उपकरणाचं जे लांब इंग्रजी नाव आहे, त्याच्या आद्याक्षरांचा तो शब्द. त्या नावातला ‘अ‍ॅपॅरेटस’ लॅटिन आहे.

‘ऑक्टोपाय’ चूक आहे. शेवटचा ‘अस’ बघून तो लॅटिन शब्द समजला गेला आणि लॅटिनचं अनेकवचन चिकटवलं गेलं. प्रत्यक्षात ‘ओक्तो’ म्हणजे आठ, ‘पूस’ म्हणजे पाय. ग्रीक अनेकवचन ‘ऑक्टोपोडीज’. इंग्रजीत सरळ ‘ऑक्टोपसेस’ लिहावं. मराठीत ‘अष्टपाद’ आहे, आणि ओक्तो-अष्ट, पूस-पाद ह्या दोन्ही जोड्या सख्ख्या भावंडांच्या आहेत.

अँकरच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ कशासाठी? आणि जहाजाचा नांगर हा शेतातलाच का?
*वाचक, रेवदंडा*

‘एच’ चुकून आला. ग्रीक ‘अंकुरा’, लॅटिन ‘अंकोरा’, दोन्हींत ‘ह’ नाही. जुन्या इंग्रजीतही नव्हता. मधल्या काळात लॅटिन लिहिणाऱ्यांनी ‘सी’नंतर ‘एच’ घातला, इंग्रजीनं तो उचलला आणि ‘अँकर’ला वरवर ग्रीक ‘सी-एच’चं रूप आलं. जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’वरून, शेतातला संस्कृत ‘लांगल’वरून. दोघांचाही ‘ल’ मराठीत ‘न’ झाला आणि दोन शब्द एका रूपात येऊन मिळाले. दोन्ही जमिनीत रुतणारे म्हणून त्यांना वेगळं ठेवायची गरजही कोणाला भासली नाही.